आधी नोकरी, मग निवृत्तिवेतन

(कामगार अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय ऐकायला कोणालाच आवडत नाही. पण ट्रॅकवर, यार्डात, केबिनमध्ये, टपालाच्या थैल्या चढवता-उतरवताना ज्याचे आयुष्य जाते त्याने तो हातपाय धड असतानाच समजून घ्यावा. इस्पितळाच्या खाटेवर पडल्यावर कोणी परिपत्रके वाचत बसत नाही. समोर आलेल्या कागदावर माणूस सही करतो आणि त्या सहीचे परिणाम पुढची वीस-पंचवीस वर्षे घरचे भोगत राहतात.

रेल्वेतल्या मंडळींना आपली मेडिकल कॅटेगरी तोंडपाठ असते. ड्रायव्हर, म्हणजे हल्लीचा लोको पायलट, ए-वन. स्टेशन मास्तर ए-टू. पण ही अक्षरे आली कुठून? रेल्वेच्या मेडिकल मॅन्युअलमध्ये दृष्टिचाचणीचे तीन गट पाडले आहेत. ‘ए’ गटाची चाचणी सार्वजनिक सुरक्षिततेसाठी. ‘बी’ गटाची त्या कर्मचाऱ्याच्या व त्याच्या सहकाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी. ‘सी’ गटाची केवळ प्रशासनाच्या हितासाठी. म्हणजे ए-वनच्या ड्रायव्हरला डोळ्यांच्या तपासणीत नापास करून इंजिनावरून उतरवतात ते गाडीतल्या प्रवाशांसाठी. त्याबद्दल आपली तक्रार नाही. ज्याला सिग्नल नीट दिसत नाही त्याने गाडी चालवू नये, हे आपणच सर्वांत आधी म्हणू. प्रश्न एवढाच आहे की प्रवाशांच्या सुरक्षिततेची किंमत त्या एकट्या माणसाच्या ताटातून वसूल करायची का?

कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे. अपंग व्यक्तींचा १९९५ चा कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्याचे ४७ वे कलम असे होते: सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, त्याचा दर्जाही कमी करता येणार नाही. पहिले काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे. तसे पद रिकामे नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत, जे आधी होईल तोपर्यंत, त्याला अधिसंख्य पदावर ठेवावे. हा कायदा जाऊन २०१६ चा नवा कायदा आला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातही ही तरतूद २० व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमात कायम आहे. तिच्यात कुठेही ‘शक्य असल्यास’ हे शब्द नाहीत.

तरीही ऑफिसात काय ऐकायला मिळते? ‘तुला पेन्शन बसते ना, मग कशाला खटपट करतोस?’ हाच युक्तिवाद एका शिपायाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कुणाल सिंह विरुद्ध भारत सरकार हा तो खटला. स्पेशल सर्व्हिस ब्यूरो या सुरक्षा दलातला हा शिपाई. ड्यूटीवर पायाला इजा झाली, डावा पाय कापावा लागला आणि १९९८ मध्ये त्याला सेवेसाठी अक्षम ठरवून घरी पाठवले. सरकारचे म्हणणे, त्याला नियमाप्रमाणे रुग्णता निवृत्तिवेतन दिले आहे, आता आणखी काय? १३ फेब्रुवारी २००३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की निवृत्तिवेतन मिळते एवढ्यावरून ४७ व्या कलमाचे संरक्षण नाकारता येत नाही. नोकरीचा हक्क पहिला. हा निकाल प्रत्येक शाखेच्या फाइलमध्ये असावा.

इथे एक कडू गोष्टही सांगतो. त्या कलमातच सरकारला एखाद्या आस्थापनेला सूट देण्याचा अधिकार होता. १० सप्टेंबर २००२ च्या अधिसूचनेने केंद्रीय निमलष्करी दलांतील लढाऊ कर्मचाऱ्यांना कलमाबाहेर ठेवले गेले. म्हणजे एका शिपायाने जो दरवाजा उघडला तो त्याच्या गणवेशातल्या पुढच्या भावांसाठी निकालाच्या पाच महिने आधीच लावून घेतला होता. कायद्यातला हक्क एका अधिसूचनेने जाऊ शकतो, हे आपल्यालाही विसरून चालणार नाही.

आता सहीबद्दल. सर्वांत जास्त घात होतो तो ‘विनंती अर्जा’ने. माणूस खचलेला असतो. कोणीतरी सांगते, ‘स्वेच्छानिवृत्ती लिहून दे, मुलाला अनुकंपावर लावू.’ पंजाब राज्य वीज मंडळातला भगवान दास हा सहायक लाइनमन १९९४ मध्ये पूर्ण आंधळा झाला. त्यानेही आपल्याला निवृत्त करावे व बायकोला नोकरी द्यावी असा अर्ज केला होता. मंडळाने निवृत्ती तेवढी दिली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाला चांगलेच फटकारले. कर्मचाऱ्याला कायद्याची माहिती नव्हती, ती देण्याऐवजी अधिकाऱ्यांनी त्याच्या अज्ञानाचा फायदा घेतला, असा त्याचा आशय होता. तो अर्ज हक्काच्या आड येऊ शकत नाही, असे ठरले. त्यानंतर १९ मे २०१५ रोजी केंद्राच्या कार्मिक विभागाने आदेश काढला: अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याने स्वेच्छानिवृत्ती मागितली तर त्याच पगारावर सेवेत राहता येते हे त्याला आधी समजावून सांगावे. एखाद्या सहकाऱ्याकडून असा अर्ज लिहून घेतला असेल तर पहिला प्रश्न विचारा, हे समजावून सांगितल्याचा कागद कुठे आहे?

आणि अनुकंपा नियुक्ती हा हक्क नव्हे. टपालात तर ती सरळ भरतीच्या जागांपैकी ५ टक्क्यांच्या मर्यादेत चालते. हातातली नोकरी सोडून त्या रांगेत मुलाला उभे करायचे की नाही हे घरात बसून शांतपणे ठरवा. वॉर्डात, तापात नको.

रेल्वेत डिकॅटगराइज झालेल्यांसाठी एस्टॅब्लिशमेंट मॅन्युअलमध्ये स्वतंत्र प्रकरण आहे. ४७ व्या कलमानंतर ते १९९९ मध्ये नव्याने लिहिले गेले. त्यात पर्यायी काम, पगाराचे संरक्षण, अधिसंख्य पद हे सारे आले. रनिंग स्टाफने एक आकडा ध्यानात ठेवावा: पर्यायी पदावर वेतननिश्चिती करताना मूळ वेतनात रनिंग अलाउन्सपोटी ३० टक्के मिळवायचे असतात. हे राहून गेले तर नुकसान दर महिन्याला होत राहते आणि शेवटी निवृत्तिवेतनातही उतरते. पर्यायी पदाची वाट पाहण्याचा काळ अधिसंख्य पदावरचा असतो. तो रजेच्या खात्यातून कापला जात असेल तर ताबडतोब लेखी हरकत घ्या.

रंग ओळखण्यात नापास झालेल्याचे काय, असे इथे एका मित्राने विचारले. त्याला अपंग कायद्याच्या यादीत जागा नाही. पण १ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणच्या राज्य परिवहन महामंडळातील एका रंगांध ठरलेल्या बसचालकाला पर्यायी काम देण्याचा आदेश दिला. आधार कशाचा घेतला? १९७९ साली युनियनने व्यवस्थापनाशी केलेल्या करारातल्या एका कलमाचा! पंचेचाळीस वर्षांपूर्वी वाटाघाटीच्या टेबलावर कोणीतरी दोन ओळी आग्रहाने घालून घेतल्या होत्या, त्या एका घराच्या कामी आल्या.

समजा, प्रकृती अशी आहे की कोणतेच काम करणे शक्य नाही. मग निवृत्तिवेतनाचा विचार. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. रुग्णता निवृत्तिवेतन कोणत्याही कारणाने अक्षम झालेल्याला मिळते. आजार घरचा असो की कामावरचा. केंद्रीय नागरी सेवांत पूर्वी त्यासाठी दहा वर्षांची सेवा लागे. ४ जानेवारी २०१९ च्या दुरुस्तीने ती अट गेली. दुसरे ते असाधारण निवृत्तिवेतन, ज्याला आपण बोलताना अपंगत्व पेन्शन म्हणतो. ते मिळायचे तर अपंगत्व नोकरीमुळे आले किंवा नोकरीमुळे वाढले, हे मान्य व्हावे लागते.

३ फेब्रुवारी २००० च्या केंद्र सरकारच्या आदेशाने यासाठी ‘ए’ ते ‘ई’ असे पाच वर्ग ठरवले. ‘ए’ म्हणजे नोकरीशी संबंध नसलेली नैसर्गिक कारणे. ‘बी’मध्ये कामाच्या वातावरणामुळे जडलेले रोग. ‘सी’मध्ये ड्यूटीवरचे अपघात, विजेचा धक्का त्यात स्पष्ट नोंदवलेला आहे. ‘डी’मध्ये अतिरेकी किंवा समाजकंटकांचा हल्ला, दंगल. ‘ई’ युद्धाशी संबंधित. एकाच माणसाचा तोच तुटलेला हात. पण कागदावर ‘ए’ पडले तर साधे निवृत्तिवेतन, ‘सी’ पडले तर त्यावर अपंगत्वाचा भाग. सेवेतून काढलेल्याला ‘बी’ आणि ‘सी’मध्ये शंभर टक्के अपंगत्वासाठी हा भाग मूळ वेतनाच्या ३० टक्के धरला आहे, अपंगत्व कमी असेल तर त्या मानाने कमी. मूळ वेतन ४०,००० रुपये असेल तर दरमहा १२,००० रुपयांचा प्रश्न. सेवेतच राहणाऱ्याला मासिक भागाऐवजी एकरकमी भरपाई असते. २०२१ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने ती २००४ नंतर लागलेल्या कर्मचाऱ्यांनाही देण्याचे जाहीर केले.

हे अक्षर ठरते कुठे? दिल्लीत नव्हे. ते ठरते अपघाताच्या पहिल्या तासात. गँगच्या मुकादमाने दिलेला मेमो, स्टेशन डायरीतली नोंद, पोस्टमास्तरचा अहवाल, डॉक्टरने केसपेपरवर लिहिलेले पहिले वाक्य. ‘पडल्याने मार’ असे लिहिले तर तो माणूस मोरीतही पडलेला असू शकतो. ‘ड्यूटीवर, अमुक ठिकाणी, अमुक वेळी’ हे शब्द त्याच दिवशी कागदावर आले पाहिजेत. दम्याचा, पाठीचा, कानाचा आजार असेल तर भरतीच्या वेळचा वैद्यकीय दाखला शोधा. त्या वेळी धडधाकट म्हणून घेतले होते, हा आपला मोठा पुरावा. नियमच सांगतात की अपंगत्व आणि सेवा यांच्यात कार्यकारण संबंध हवा, पण वाजवी संशयाचा फायदा अर्जदाराला द्यावा. मेडिकल बोर्डाने संबंध नाही असे लिहिले तर कारणे मागा. कारणांशिवाय ‘नाही’ मान्य करू नका.

ट्रॅकवरच्या बंधूंसाठी एक पोटभेद आहे. ज्यांना १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा लागू होता त्यांना असाधारण निवृत्तिवेतनाचे नियम मूळ रचनेतच लागू नव्हते. त्यांची वाट भरपाईच्या आयुक्ताकडे जाई. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. पण त्याखालचे निकाल आपल्या कामाचे आहेत. मुंबईतल्या बेस्टचा एक ड्रायव्हर काम संपवून बेस्टच्याच बसने घरी जाताना अपघातात गेला, तेव्हा तो अपघात कामाच्या ओघातलाच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच म्हटले होते. म्हणून आपला माणूस कोणत्या वाटेवर आहे हे आधी ठरवा. चुकीच्या दारात दोन वर्षे उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत.

२००४ नंतर लागलेल्या तरुणांनी कान द्यावा. तुम्ही नव्या पेन्शन योजनेत असलात तरी मृत्यू किंवा अक्षमतेच्या प्रसंगी जुन्या नियमांचे लाभ निवडता येतात. टपालातल्यांसाठी २०२१ च्या नियमांत त्याचा विकल्प ‘फॉर्म १’मध्ये देण्याची सोय झाली. आपल्या सर्व्हिस बुकात तो लागला आहे का, हे उद्याच पाहून घ्या. रेल्वेतल्यांनीही आपला विकल्प कसा नोंदला आहे याची पर्सोनेल शाखेत चौकशी करावी.

उरला ग्रामीण डाक सेवक. उन्हापावसात सायकलवरून, काही भागांत पायी, तो टपाल पोचवतो. एक्स्ट्रा डिपार्टमेंटल एजंट नागरी पद धारण करतो, असे सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा खटल्यात १९७७ साली म्हटले. पण त्याच्या सेवानियमांत एक ओळ आहे: सेवकाला निवृत्तिवेतनाचा हक्क राहणार नाही. म्हणून आज सांगितलेले ‘बी’, ‘सी’, ३० टक्के, यातले काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याच वाटेवर, त्याच थैलीसह पाय मोडला तर खात्याच्या पोस्टमनला एक कायदा आणि सेवकाला दुसरा. या वर्गाला बसलेल्या टपालातल्या मित्रांनी आपापल्या विभागात मागच्या काही वर्षांत काम करताना जखमी झालेल्या सेवकांची नावे, तारखा आणि त्यांना प्रत्यक्ष काय मिळाले याची माहिती लिहून शाखेकडे द्यावी. मागणीपत्रात हा मुद्दा घालायचा तर तो अशा नोंदींवरच उभा राहील.