आजींना वाडीत घेऊन जा



बक्षिसं वाटून व्हायचीत आणि नाचवाले मेकअप करून खोळंबलेत, म्हणून पाचच मिनिटं घेतो.

नालासोपारा म्हटलं की बाहेरच्यांना लोकलची गर्दी आठवते. पण इथंच १८८२ साली पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. सम्राटाने तो लेख लोकांना कळेल अशा प्राकृतात कोरून घेतला होता. आणि स्टेशनच्या पश्चिमेला गास, नाळा, निर्मळ, नंदाखाल या गावांत आजही कादोडी बोलतात. सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण, दोघांचीही ती घरची बोली. आजी कादोडीत विचारते, नातू मराठीत नाहीतर इंग्रजीत उत्तर देतो.

तिकडे एकदा मी शब्द गोळा करायला गेलो. एका आजींना ओटीवर बसवलं, मोबाइल समोर धरला, म्हटलं केळीच्या जाती सांगा. "राजेळी, वेलची, बसराई." पुढे गप्प. मग त्याच म्हणाल्या, "चल वाडीत." वाडीत शिरल्यावर त्या थांबेचनात. सुकेळीसाठी, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांसाठी, राजेळी किती पिकू द्यायची, किती उन्हं द्यायची, कसल्या पानात बांधायची, विहिरीचं पाणी कधी मचूळ लागतं. माझी बॅटरी मध्येच संपली, ती गोष्ट वेगळी.

शेवटी आम्ही बावखलापाशी आलो. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं, म्हणून समुद्र जवळ असून आसपासच्या विहिरी गोड राहतात. हे बावखल अर्धं भरावाखाली गेलेलं. काठावर पूर्वी होतं त्या झाडाला काय म्हणायचात, असं विचारलं. आजी बराच वेळ आठवत राहिल्या. "झाड होतं तेव्हा नाव तोंडात होतं रे."

नंदाखालचे लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’च्या चळवळीत लढले ते इथल्या पाण्या-झाडांसाठी. मला तो भाषेचाही लढा वाटतो. बावखल बुजवून त्याचा शब्दकोश छापण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

या मांडवात मालवणी, अहिराणी, आगरी, भोजपुरी बोलणाऱ्या घरांतली मुलं बसली असतील. मे महिन्यात गावी जाल तेव्हा आजीला घेऊन शेतात, बांधावर, खाडीवर जा. दिसेल त्याचं नाव विचारा, उपयोग विचारा, तिच्याच आवाजात रेकॉर्ड करा. आणि निघताना मोबाइल पूर्ण चार्ज करून घ्या.