नांगराच्या खालची जमीन



कापसाची शेवटची वेचणी उरकली की कन्नड तालुक्यात, देवगाव रंगारीच्या शिवारात, पऱ्हाटी काढायची घाई सुरू होते. आता बरेच जण श्रेडर फिरवून जागीच कुट्टी करतात. ते चांगलंच आहे. पण त्याआधी रानाच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली मिळून आठ-दहा झाडं चिमट्यानं मुळासकट उपटा आणि सोटमूळ नीट बघा. ते गाजरासारखं सरळ खाली गेलं असेल तर तुमच्या रानाला सबसॉयलरची, म्हणजे खालचा घट्ट थर फोडणाऱ्या अवजाराची, गरज नाही. वीतभर खाली जाऊन ते काटकोनात आडवं वळलं असेल, तर तिथं घट्ट थर बसला आहे. पाऊस झाल्यावर टोकदार सळई मातीत खुपसली, तरी त्याच खोलीवर ती अडते. मग तिथं फावड्यानं खड्डा घ्या. फरशीसारखे आडवे, गुळगुळीत पापुद्रे निघतील.

हा थर आला कुठून? काही अंशी आपणच तो केला आहे. 1903 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर काढला, तेव्हा अडचण उलटी होती. लाकडी नांगराला भारी रानात सहा-आठ बैल जुंपूनही तास हवा तितका खोल पडत नसे. आज ओढायची ताकद आली, पण तिच्यामागून वजनही आलं. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा. कांद्यानं भरलेली ट्रॉली त्याच्या दुपटीच्याही पुढं जाते. पलटी नांगर चालताना ट्रॅक्टरचं एक चाक वर न नांगरलेल्या रानात आणि दुसरं आधीच्या तासात असतं, म्हणजे मोकळी माती बाजूला झाल्यावर ते चाक थेट खालच्या मातीवरून फिरतं. त्यावर दरवर्षी त्याच खोलीवर नांगराचा फाळ घासतो. रोटाव्हेटर तर त्याहून उथळ, जेमतेम चार-पाच इंच. वरची माती रव्यासारखी, पाहुण्याला दाखवावी अशी. खाली मात्र पाणी मुरायला वाट नाही.

मग जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं आणि ऑगस्टमध्ये उघडीप पडली की आठवड्यात कपाशी माना टाकते. आल्याच्या गादीवाफ्यात याच्या उलट घडतं. पाणी खाली निचरत नाही, गड्ड्याजवळ साचतं आणि कंदकुजीला आवतण मिळतं. आपल्याकडे पाऊस आधीच बेताचा, वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास. तो जमिनीत शिरायलाच हवा.

इथं एक गोष्ट ठासून सांगतो, कारण अवजार विकणारा ती सांगत नाही. आपल्या खोल काळ्या रानाला निसर्गानं स्वतःचा नांगर दिलेला आहे. या मातीतली चिकणमाती भिजली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात पाय अडकावा एवढ्या भेगा पडतात आणि त्या दोन-तीन फूट खाली जाऊन घट्ट थर आपोआप फोडतात. कोरडवाहू खोल रान असेल, मार्च ते मे मोकळं तापत असेल आणि भेगा पडत असतील, तर त्यात सबसॉयलर घालणं म्हणजे डिझेल जाळणं. गरज कुठं? जिथं ठिबकवर बारमाही आलं, ऊस किंवा कांद्यामागून कांदा चालतो तिथं. ते रान कधी पुरतं वाळतच नाही, भेगा पडत नाहीत, आणि वर्षानुवर्षांच्या ओझ्यानं माती तशीच दबून राहते.

डोंगराकडच्या हलक्या रानात मात्र हात आखडता घ्या. फूटभर मातीखाली मुरूम किंवा चुनखडी असेल, तर ती वर ओढून आणण्यात काही मिळकत नाही.

आता काम कसं करायचं ते. सबसॉयलर माती पलटत नाही. त्याचा दणकट उभा दांडा आणि टोकाचा फाळ घट्ट थराच्या खालून जातो, माती उचलतो आणि तडे पाडतो. तडे पडायला माती कोरडी लागते. नांगरटीला आपण वाफसा शोधतो. सबसॉयलरला वाफसा नको. ओल्या चिकण मातीत तो लोण्यातल्या सुरीसारखा जातो, मागं चकचकीत फट राहते आणि दोन्ही बाजू आणखी दाबल्या जातात. म्हणून एप्रिल-मे हाच हंगाम. थर आठ इंचांपासून फुटापर्यंत असेल, तर फाळ त्याच्या खाली दोन-तीन इंच ठेवा. दोन फूट जातो म्हणून दोन फूट घालू नका. खोली वाढली की ओढ आणि डिझेल दोन्ही झपाट्यानं वाढतात. दोन तासांमधलं अंतर तीन ते पाच फूट. चाल उताराला आडवी, नाहीतर पहिल्याच पावसात त्या फटींचे ओघळ होतील. पहिली फेरी झाली की ट्रॅक्टर थांबवा, तासाला आडवा खड्डा घ्या आणि तडे दोन्ही बाजूंना गेलेत का ते बघा. नसतील तर अंतर कमी करा.

यानंतरची काळजी निम्म्याहून मोठी आहे. मोकळ्या झालेल्या रानावरून पहिल्यांदा चाक गेलं की सगळ्यात जास्त दाब तेव्हाच बसतो. म्हणून ट्रॉलीची वाट बांधाकडेनं एकच ठरवा. ओल्या रानात मका काढायला यंत्र घालू नका, चार दिवस थांबा. तूर, ताग, धैंचा यांची मुळं त्या तड्यांतून खाली जाऊ द्या, शेणखत घाला. एवढं केलं तर तीन-चार वर्षं पुन्हा सबसॉयलर लागू नये.

अवजार विकत घेण्यापेक्षा गावातल्या अवजार बँकेकडून भाड्यानं घेणं परवडतं, कारण तीन-चार वर्षांतून दोन दिवसांचं काम. घ्यायचंच असेल, तर अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. आणि शेजाऱ्यानं सबसॉयलर मारला म्हणून तुम्ही मारू नका. अवकाळी पाऊस होऊन गेलेला असेल आणि ट्रॅक्टरवाला बांधावर उभा असेल, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.