खुंटीवरची किल्ली

(शाळेच्या स्मृती-व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे बसलो. वर्गात शाई सांडली की ‘कोणी सांडली?’ असे ते विचारीत नसत. ‘दौत काठावर कोणी ठेवली?’ असे विचारीत. या प्रश्नाचा खरा अर्थ मला फार उशिरा, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे वकिली करताना उमगला. अल्पवयीन मुलाच्या हातून अपघात घडला तर पालकाची जबाबदारी किती, हा आजचा माझा विषय आहे.

2007 च्या सुमाराची गोष्ट. सोळा वर्षांचा एक मुलगा भंवरकुआँच्या बाजूने कोचिंगहून परतत होता. स्कूटर वडिलांची. सायकलवरून घरी निघालेला एक शिंपी त्या धडकेत गेला. मागे पत्नी आणि तीन लेकरे. वडील माझे अशील होते, सज्जन आणि पापभीरू गृहस्थ. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘वकीलसाहेब, विमा आहे ना?’

विमा होता, परंतु परवाना नव्हता. कायदा येथे फार स्पष्ट आहे. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 4 नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी मोटार चालविता येत नाही. सोळा वर्षांनंतर सवलत आहे ती केवळ पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरती, आणि तीही परवाना असेल तरच. कलम 5 तर थेट मालकाला उद्देशून आहे: विनापरवाना व्यक्तीला आपले वाहन चालवू देऊ नये. ही अट मोडली की पुष्कळदा न्यायालय विमा कंपनीला सांगते, प्रथम पीडितांना भरपाई द्या, मग ती मालकाकडून वसूल करा. आमच्या खटल्यात तसेच झाले. पोटाला चिमटा घेऊन घेतलेला प्लॉट माझ्या अशिलांना विकावा लागला.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. केवळ जन्मदाता म्हणून बापावर ही भरपाई पडत नाही; ती पडते वाहनाचा मालक म्हणून. पण साक्षीच्या पिंजऱ्यात हा भेद विरघळून जातो. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी विचारले, ‘किल्ली कुठे होती?’ उत्तर आले, ‘दाराजवळच्या खुंटीवर.’ ‘मुलाला ते ठाऊक होते?’ माझे अशील बराच वेळ खाली पाहत राहिले.

त्या संध्याकाळी मी घरी आलो. आमच्याही दाराजवळ खुंटी होती आणि तीवर स्कूटरची किल्ली लटकत होती. माझा मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. सकाळचे दूध तोच स्कूटरवरून आणीत असे, आणि मी ते कौतुकाने शेजाऱ्यांना सांगत असे. कायद्याची पुस्तके माझ्या घरात भिंतभर होती. दौत मात्र मीही काठावरच ठेवली होती.

2019 च्या दुरुस्तीने हीच गोष्ट कायद्यात आणली. नव्या कलम 199अ नुसार अल्पवयीनाने या अधिनियमाखालील गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवाना नाही. वाहन संमतीनेच वापरले, असे न्यायालय गृहीत धरते. आपल्याला ठाऊक नव्हते, किंवा आपण पुरेशी दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर आहे. एरवी आरोपीला निर्दोष मानून चालणाऱ्या आपल्या न्यायपद्धतीत हे गृहीतक कठोर आहे, आणि वकील म्हणून मला ते काहीसे खटकतेही. पण खुंटी आठवली की माझा आक्षेप मवाळ होतो.

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात जे घडले, ते आपणांस स्मरत असेलच. सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. एक मुलगा, एक मुलगी. दोघेही आपल्या मध्य प्रदेशातले. काही तासांतच जामीन झाला, आणि त्याच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता. त्या निबंधावर देशभर संताप उसळला. मला मात्र पुढचे अधिक अस्वस्थ करून गेले. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला, आणि आई-वडिलांना व डॉक्टरांना अटक झाली. त्या आरोपांचा निवाडा न्यायालयाचा आहे, माझा नव्हे. परंतु अपघातानंतर ‘गाडी मी चालवीत होतो असे सांगू का?’ असे विचारणारे बाप मी माझ्या कचेरीतही पाहिले आहेत. किल्ली देणे ही पहिली चूक. मुलाला सत्यापासून लपविणे ही दुसरी, आणि ती अधिक मोठी. कारण पहिली गाफीलपणाने होते, दुसरी समजून-उमजून.

पालकांची अडचण मी जाणतो. कोचिंग दूर, बस वेळेवर नाही, ‘सगळ्यांचीच मुले नेतात’ हे घरोघरचे वाक्य. पण शिंप्याच्या विधवेपुढे यातले एकही वाक्य मला उच्चारता आले नाही. न्यायाधिकरण भरपाईचा हिशेब मृताचे वय, उत्पन्न आणि अवलंबितांची संख्या पाहून करते. त्या हिशेबात धाकट्या मुलीने बापाची वाट पाहिल्याचा रकाना नसतो.

मित्रहो, आपल्यापैकी अनेक जण या शाळेच्या बाकांवरून उठून आज आई-बाप, आजी-आजोबा झाले आहेत. कायदा अपघातानंतर येतो. बाप अपघातापूर्वी दारात उभा असतो. मुलाला नाही म्हणण्याचा कडूपणा दोन दिवसांचा असतो. आज घरी गेल्यावर आपापली खुंटी एकदा पाहावी, एवढीच माझी विनंती. गुरुजी असते तर त्यांनी हेच विचारले असते.