हृदयाच्या ठोक्यांचा हिशेब

चौतीस वर्षें मीं शाळेंत अंकगणित शिकविलें. त्यामुळें वाण्याची पावती असो कीं डॉक्टरांचें बिल असो, बेरीज पुन्हां करून पाहिल्याखेरीज मला चैन पडत नाहीं. आज मी आपल्यापुढें अशाच एका बिलाचा हिशेब मांडणार आहें.

गेल्या वर्षीं श्रावणांत, सकाळीं पूजेसाठीं फुलें काढीत असतां एकाएकीं डोळ्यांपुढें अंधारी आली आणि मी अंगणांतच कोसळलों. अर्ध्या मिनिटांत शुद्धीवर आलों. लागलेंही फारसें नाहीं. आमच्या डॉक्टरांनीं कार्डिओग्राम काढला. तो निर्दोष निघाला. मला हायसें वाटलें. डॉक्टरांना मात्र वाटलें नाहीं.

त्याचें कारण साधें आहे. शाळातपासनीस अर्धा तास वर्गांत येतात, त्या वेळीं सर्व मुलें हाताची घडी घालून बसलेलीं असतात. त्यावरून वर्षभर वर्गांत गोंगाट होत नाहीं, असें कोण म्हणेल? कार्डिओग्राम हा सुमारें दहा सेकंदांचा असतो. दिवसाचे सेकंद ८६,४००, आणि तेवढ्या अवधींत हृदयाचे ठोके पडतात सुमारें एक लाख. मधूनच होणारी चूक नेमकी त्या दहा सेकंदांत सांपडली, तर तें नशीबच समजावयाचें. म्हणून यंत्र माणसाच्या अंगावर बांधून त्याला आपल्या उद्योगाला पाठवावयाचें, ही कल्पना अमेरिकेंतील मोंटाना राज्याच्या नॉर्मन होल्टर या शास्त्रज्ञाची. त्यांचें पहिलें यंत्र सुमारें ३८ किलो वजनाचें होतें आणि तें पाठीवर वाहावें लागे. आज तेंच काम छातीवर चिकटविलेली लहानशी पट्टी सात किंवा चौदा दिवस करते. वजन उतरलें, खर्चाचा भार मात्र बहुधा रुग्णाच्याच पाठीवर राहिला आहे.

मला प्रथम चोवीस तासांचें होल्टर लावलें. त्याचे रुपये २,८०० झाले. निष्पन्न कांहींच झालें नाहीं. तेव्हां डॉक्टरांनीं सात दिवसांची पट्टी सुचविली. तिचे रुपये ९,५००. या रकमेंत काय काय येतें, याची मीं चौकशी केली. यंत्राचें भाडें किंवा एकदांच वापरावयाच्या पट्टीची किंमत हा पहिला भाग. सात दिवसांचे सात लाख ठोके संगणक चाळतो. पण शंकेच्या जागा माणसानेंच तपासाव्या लागतात. त्याचा मोबदला हा दुसरा भाग. तज्ज्ञ डॉक्टरांचा अभिप्राय हा तिसरा. शिवाय दोन खेपांचें रिक्षाभाडें आणि अहवाल दाखविण्याची फी हा चौथा भाग, जो त्या पावतीवर दिसत नाहीं.

मीं विमा कंपनीकडे विचारणा केली. उत्तर आलें कीं, रुग्णालयांत दाखल न होतां केलेली तपासणी माझ्या पॉलिसींत बसत नाहीं. यांत कंपनीनें लबाडी केली, असें मी म्हणणार नाहीं. आपल्याकडील बऱ्याच पॉलिसींची घडणच तशी आहे. सरकारी योजनेचेंही तेंच. २०१८ सालीं सुरू झालेली आयुष्मान भारत योजना २०२४ सालीं सत्तर वर्षें पूर्ण झालेल्या सर्वांना खुली झाली. तिच्यांत वर्षाकांठीं पांच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात; पण तीही मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठीं. जो अंगावर यंत्र बांधून पायीं घरीं जातो, त्याचें बिल त्यानेंच भरावयाचें.

निवृत्तिवेतनांतून साडेनऊ हजार काढावयाचे, आणि तेही कदाचित् ‘कांहीं सांपडलें नाहीं’ एवढेंच ऐकण्यासाठीं! मीं दोन महिने चालढकल केली. अखेर एके दिवशीं पत्नी म्हणाली, “अहो, न्हाणीघराची कडी आंतून लावूं नका, असें मी तुम्हांला रोज सांगतें, आणि पाण्याचा आवाज थांबला कीं दाराशीं येऊन उभी राहतें. या पहाऱ्याचे पैसे तुमच्या हिशेबांत कोठें धरलेत?” त्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. दुसऱ्याच दिवशीं मी पट्टी लावून आलों.

पांचव्या दिवशीं दुपारीं वर्तमानपत्र वाचीत असतां क्षणभर गरगरलें. त्याच क्षणीं माझें हृदय सहा सेकंद थांबलें होतें, असें अहवालानें दाखविलें. पुढच्याच आठवड्यांत पेसमेकर बसविला. तो खर्च लाखाच्या वर गेला, आणि त्याच कंपनीनें तो विनातक्रार दिला. इतकेंच नव्हे, तर दाखल होण्यापूर्वीं तीस दिवसांत केलेल्या संबंधित तपासण्या पॉलिसींत धरलेल्या असल्यामुळें पट्टीचे ९,५०० रुपयेही परत आले. होल्टरचे २,८०० मात्र माझ्या चालढकलीनें मुदतीबाहेर गेले.

या अनुभवांतून एक विचित्र नियम माझ्या ध्यानांत आला. रोग सांपडून दाखल व्हावें लागलें, तर शोधाचा खर्च परत मिळूं शकतो. न सांपडला, तर तो पदरचा जातो. म्हणजे पैशाची खरी झळ लागते ती ज्याची शंका फिटलेली नाहीं त्याला, आणि तोच मग पुढची तपासणी टाळतो. ही उणीव कंपन्यांनीं व सरकारनें अवश्य विचारांत घ्यावी.

परंतु यावरून प्रत्येकानें उठून पट्टी लावावी, असें कोणीं समजूं नये. ज्यांना ठोक्यांचा विकार असल्याचें ठाऊक नव्हतें, अशा सत्तर ते नव्वद वर्षांच्या सुमारें सहा हजार लोकांवर डेन्मार्कमध्यें झालेला प्रयोग २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. त्वचेखालीं यंत्र बसविल्यानें अनियमित ठोके अडीच पटींहून अधिक लोकांत आढळले, तरी पक्षाघातांत निर्णायक घट दिसली नाहीं. उलट, ज्यांना कारण न कळलेला पक्षाघात होऊन गेला होता, अशांचा कॅनडांतील प्रयोग २०१४ सालचा. तेथें चोवीस तासांच्या तपासणींत शेंकडा तिघांत दिसलेला दोष तीस दिवसांच्या पाळतींत शेंकडा सोळा जणांत दिसला. तेव्हां डॉक्टरांना सबळ कारण दिसत असेल तेथें शोध लांबवावा. केवळ भीतीपोटीं लांबवूं नये.

तपासणीपूर्वीं चार प्रश्न अवश्य विचारावे. दिवस किती? रकमेंत अहवाल धरला आहे काय? पट्टी मध्येंच निघाली, तर दुसरीचे पैसे कोणीं द्यावयाचे? आणि आपल्या पॉलिसींत दाखल होण्यापूर्वींच्या किती दिवसांचा खर्च मिळतो? डॉक्टरांची चिठ्ठी व प्रत्येक पावती जपून ठेवावी. जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांतही चौकशी करावयास संकोच करूं नये.

आमच्या न्हाणीघराची कडी आतां पुन्हां आंतून लागते. ही जमा हिशेबाच्या वहींत कोणत्या रकान्यांत मांडावी, हें मात्र चौतीस वर्षें अंकगणित शिकवूनही मला अजून ठरवितां आलेलें नाहीं.