न्हाणीघर आणि आपली वडीलधारी माणसे

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांचा गुणगौरव, शिष्यवृत्त्या, विवाहखर्चातील काटकसर अशा विषयांवर आपण प्रतिवर्षी व्याख्याने ऐकता. आज आम्ही न्हाणीघर हा विषय निवडला, हे पाहून काही तरुण मंडळींच्या मुखावर स्मित उमटलेले आम्हांस येथून दिसते. त्यात वावगे काही नाही. दिवाणखाना सजवावा आणि न्हाणीघराचा उल्लेख चारचौघांत टाळावा, अशीच आपली रीत आहे. तथापि ज्या घरात सत्तरी ओलांडलेले माणूस आहे, त्या घरातील त्या माणसाची दिवसातील सर्वांत कठीण वेळ याच चार भिंतींत जाते.

आम्ही ना वास्तुविशारद, ना वैद्य. आयुष्यभर शाळेत खडू आणि फळा सांभाळला. परंतु आमच्या सौभाग्यवतींच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर घरातील न्हाणीघर बदलण्याचे काम आम्हांस हाती घ्यावे लागले. त्या निमित्ताने जाणत्यांस विचारून, गवंड्याशेजारी उभे राहून आणि फूटपट्टी हाती धरून जे शिकता आले, तेच आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

पूर्वीच्या घरांतील मोरीत शहाबादी फरशी खडबडीत असे आणि माणूस पाटावर बसून स्नान करी. तिचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. त्या मोरीत अंधार असे, शेवाळ असे आणि ज्याचे गुडघे धरले त्याला पाटावरून उठणे अशक्य होई. परंतु सदनिकेतील आजचे न्हाणीघर वृद्धास अधिक सोयीचे झाले आहे, असेही नाही. गुळगुळीत चकचकीत फरशी, दोन-तीन इंच उंचीचा उंबरठा, आत उघडणारे अरुंद दार आणि धरावयास टॉवेलची दांडी! त्यावर साबणाचे पाणी, दिवाळीच्या दिवसांत अभ्यंगाचे तेल, अनवाणी पाय आणि साबणामुळे मिटलेले डोळे. ऊन पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब किंचित उतरतो आणि उठताच भोवळ येते. पाय घसरण्यास याहून अधिक काय हवे?

पडल्यावर मोडणारे हाड वैद्य जोडतात. परंतु एक हानी अशी आहे की ती क्ष-किरणांच्या चित्रात दिसत नाही. एकदा घसरलेला माणूस स्नानाची धास्ती घेतो. “आज अंग जड आहे, आंघोळ उद्या करीन,” असे म्हणू लागतो. सारखे आत जावे लागू नये म्हणून पाणी पिणे कमी करतो. पुढे मुलगा वा सून स्नान घालू लागते. ती सेवा कितीही प्रेमाने केलेली असो, ज्या माणसाने साठ-सत्तर वर्षे आपले अंग आपल्या हाताने धुतले, त्याची मान त्या वेळी खाली जाते. म्हणून न्हाणीघर सुधारण्यात पडणे टाळणे हा अर्धा हेतू होय. आपले स्नान आपल्या हाताने करण्याचा मान शेवटपर्यंत टिकावा, हा उरलेला अर्धा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. तोडफोड न करता जे होते, ते प्रथम करावे. पहिली गोष्ट आसन. पाठ आणि हात असलेली, पायांस रबरी टोपण बसविलेली स्नानाची खुर्ची घ्यावी. बैठक जमिनीपासून १७ ते १९ इंच असावी. त्याहून खाली असल्यास उठणे कठीण जाते. दुसरी गोष्ट हाती धरता येणारा शॉवर. त्याची नळी सुमारे ५ फूट लांब असावी आणि तोटी बसल्या जागी हाताशी यावी. पाणी कितपत ऊन आहे, हे अंगावर घेण्यापूर्वी हाताने पाहता यावे.

तिसरी गोष्ट आधाराची दांडी. ती गंजरोधक पोलादाची, सव्वा ते दीड इंच जाडीची, भिंतीपासून दीड इंच सुटी आणि जमिनीपासून ३३ ते ३६ इंच उंचीवर असावी. एक दांडी आसनाशेजारी आडवी आणि एक प्रवेशाजवळ उभी, एवढी तरी योजना असावी. सव्वाशे किलो वजन ती पेलू शकेल अशा रीतीने भक्कम भिंतीत खोलवर बोल्ट ठोकून बसवावी. पोकळ विटांच्या भिंतीस निराळे खिळे लागतात, हे कारागिरास विचारून घ्यावे. हवेच्या दाबाने फरशीला चिकटणाऱ्या दांड्या बाजारात मिळतात. त्या न कळत सुटतात, सबब त्यांवर जीव सोपवू नये. टॉवेलच्या दांडीवर तर मुळीच नाही.

चौथी गोष्ट ऊन पाण्याची. ६० अंश सेल्सियस तापलेले पाणी काही क्षणांत कातडी भाजते आणि वृद्धांची कातडी पातळ असते. तोटीतून येणारे पाणी ४९ अंशांपलीकडे जाऊ नये, अशी व्यवस्था करावी. बादलीने स्नान करणाऱ्यांनी आधी थंड पाणी घेऊन मग ऊन पाणी ओतावे. विजेच्या गीझरच्या वाटेवर ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे सुरक्षायंत्र असावे. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात कदापि ठेवू नये. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस ना रंग, ना वास, आणि त्याने स्नानास गेलेली माणसे दगावली आहेत.

यानंतर तोडफोडीचे काम. दार बाहेर उघडणारे वा सरकते करावे. कारण आत पडलेला माणूस दाराशीच आडवा झाला, तर आत उघडणारे दार ढकलणार कसे? कडी बाहेरूनही उघडता यावी. चाकांची खुर्ची न्यावयाची असल्यास दाराची मोकळी रुंदी शक्यतो ३ फूट असावी. उंबरठा काढावा, ठेवणे भागच असेल तर तो अर्ध्या इंचाहून उंच नसावा आणि त्याची कड उतरती असावी. मग पाणी बाहेर येईल, अशी शंका गृहिणी काढतील आणि ती रास्त आहे. त्यासाठी फरशीस प्रत्येक फुटामागे पाव इंच उतार द्यावा आणि तो दारापासून दूरच्या कोपऱ्यातील नहाणी ट्रॅपकडे न्यावा. फरशी खरखरीत, झिलई नसलेली घ्यावी. लहान आकाराची घेतल्यास सांधे अधिक येतात व पाय धरतो. दांडीचा रंग भिंतीहून वेगळा ठेवावा, म्हणजे मंद दृष्टीलाही ती दिसते.

फरशी उखडताना खालचा जलरोधक कोबा दुखावला जातो, हे विसरू नये. गृहनिर्माण संस्थेची अनुमती घ्यावी, कोबा नव्याने करावा आणि फरशी बसविण्यापूर्वी दोन दिवस पाणी साठवून खालच्या मजल्यावर ओल उतरते का, ते पाहावे. आपल्या सोयीपायी शेजाऱ्याच्या घरी गळती देणे हा सज्जनांचा मार्ग नव्हे.

काही बंधू म्हणतील, आमचे न्हाणीघर चार फूट रुंद. चाकांची खुर्ची वळविण्यास पाच फुटांचे वर्तुळ लागते, ते कोठून आणावे? आमचेही न्हाणीघर तेवढेच. त्यावर तोड अशी, की जी पाण्यात भिजली तरी चालते अशी चाकांची स्नानखुर्ची सरळ आत न्यावी, तीवरच स्नान व्हावे आणि तशीच सरळ मागे आणावी. वळविण्याचा प्रश्नच उरत नाही.

२००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्यात निर्वाह या शब्दात अन्न, वस्त्र, निवास व औषधोपचार यांचा समावेश आहे. २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला आणि सार्वजनिक इमारती सुगम करण्याचे बंधन आले. परंतु आपल्या घरातील मोरीचा उंबरठा मोजावयास कोणी सरकारी अधिकारी येणार नाही. ते काम मुलाचे, मुलीचे, सुनेचे, जावयाचे आहे. ते करताना एक पथ्य पाळावे : ज्याला स्नान करावयाचे आहे, त्याला खुर्चीवर बसवून, त्याचा हात कोठवर पोहोचतो ते पाहून मग भिंतीवर खूण करावी. आमच्या घरी कारागिराने स्वतःच्या उंचीने केलेली खूण आमच्या सौभाग्यवतींनी बसल्या जागेवरून पुसावयास लावली, आणि आज ती दांडी बरोबर त्यांच्या हाताशी येते.

वडीलधाऱ्यांसही आमची विनंती आहे. “मला एवढ्यात कशाला दांडी? मी का अपंग झालो?” असे म्हणू नये. जिन्याला कठडा असतो, म्हणून जिना चढणाऱ्यास कोणी पंगू म्हणत नाही. पडल्यानंतर बसविलेली दांडी पुढच्या पडण्यापासून वाचविते. आधी बसविलेली पहिल्यापासूनच वाचविते.

अखेर संस्थेपुढे तीन सूचना ठेवतो. आपल्या ज्ञातिभवनात लग्नाकार्यास येणारे वृद्ध पाहुणे रात्री मुक्काम करतात. तेथील तळमजल्यावरील एक तरी न्हाणीघर या रीतीने सुधारावे. अनेक गावी रुग्णोपयोगी साहित्य अनामत घेऊन वापरावयास देण्याची प्रथा आहे. तशा स्नानखुर्च्या संस्थेनेही ठेवाव्यात. आणि आपल्यांत जे अभियंते व बांधकामाचे जाणकार आहेत, त्यांनी महिन्यातून एक सकाळ देऊन सभासदांची न्हाणीघरे पाहावीत व सल्ला द्यावा. देणगीदारांस कोनशिलेवर नाव कोरलेले आवडते, हे आम्ही जाणतो. न्हाणीघराला कोनशिला लावता येत नाही. परंतु तेथे निर्धास्तपणे स्नान करून बाहेर आलेल्या आजीचा आशीर्वाद त्या देणगीदारास निश्चित लाभेल.