दगडफूल मोजा, नोंद ठेवा

(ग्रामसभांच्या शिबिरात केलेलं भाषण)



दाव्याला कोणते पुरावे जोडायचे ते आपण सकाळपासून बोलतोय. आम्हा पोरांना आणखी एका पुराव्याबद्दल सांगायचं आहे. तो कागदावर नाही, झाडाच्या खोडावर आहे.

रानाच्या कडेला कोंबड्यांचे मोठमोठे शेड उभे राहतायत. कोंबडीच्या विष्ठेत नत्र असतं. तिला ओल लागली की त्याचा अमोनिया वायू होतो आणि हवेत जातो. युरियाचंही तेच. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २० किलो नत्र. ओल्या जमिनीवर नुसता फेकला तर त्यातलं बरंच उडून जातं. मातीआड केला तर कमी उडतं. म्हणजे आपल्या शेतात रानही वाचतं आणि पैसाही.

आता कोणी म्हणेल, नत्र म्हणजे खतच ना, झाडाला बरंच की! शेतात बरं, रानात नाही. रानातली बरीच झाडं-झुडपं थोडक्यात भागवणारी. वरून फुकट खत पडायला लागलं की हावरट गवत आणि तण माजतं, बाकीच्यांना दाबतं. सगळ्यात आधी जातं ते शेवाळ आणि दगडफूल. खोडावर राखी-हिरवट चट्टे असतात ना, तेच. मसाल्यात घालतो ते याच प्रकारातलं. त्याला मूळ नाही. हवा आणि पाऊस देईल तेच खायचं. म्हणून हवा बिघडली की त्याला पहिलं कळतं.

हे आमच्या मनाचं नाही. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहराजवळ एक दलदलीचं माळरान आहे, व्हिम बॉग नावाचं. तिथे शास्त्रज्ञांनी २००२ पासून पाइपातून मुद्दाम अमोनिया सोडला आणि पाइपापासून किती अंतरावर काय होतं ते बघत गेले. काही वर्षांतच पाइपाजवळचं दगडफूल, शेवाळ, झुडपं मेली. लांब गेलं तसं नुकसान कमी. शेजारच्याच तुकड्यांवर नत्र पाण्यात मिसळून शिंपडलं, तर तिथे परिणाम खूप सावकाश झाला. म्हणजे वायू म्हणून आलेलं नत्र जास्त लवकर मारतं. आणि वायूचा मारा सगळ्यात जास्त शेजारच्याच रानावर.

युरोपात २००७ साली याची मर्यादा मान्य झाली. वर्षाची सरासरी धरून, एक घनमीटर हवेत अमोनिया १ मायक्रोग्रॅमच्या वर गेला तर दगडफूल-शेवाळाला धोका, ३ च्या वर गेला तर बाकी झाडोऱ्याला. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. माणसाच्या नाकाला अमोनियाचा वास यायला याच्या शेकडो पट जास्त वायू लागतो. म्हणून सायब आला, हुंगून गेला, "वास नाही, म्हणजे काही नाही" म्हणाला, तर ते ऐकून घ्यायचं नाही.

हवा मोजायची डबी साधी असते. आत सायट्रिक आम्लात भिजवलेला कागद. वीज लागत नाही. दीड मीटर उंचीवर महिनाभर टांगायची, मग प्रयोगशाळेत द्यायची. एक डबी न उघडता ठेवायची, ताळा बघायला. ही मोजणी वर्षभर शासनाने करावी, ही आपली मागणी.

पण तोवर आपण हात बांधून बसायचं नाही. खोडं आपण मोजू शकतो.

शेडपासून वारा जातो त्या दिशेला ५०, १००, २००, ४००, ८०० मीटरवर जागा धरा. एक जागा वाऱ्याच्या उलट बाजूला, लांबची. सगळीकडे झाड एकाच जातीचं, ऐन तर ऐन, आंबा तर आंबा. जाडीही साधारण सारखी. प्रत्येक जागी पाच झाडं. कामट्यांची छोटी शिडी करा, पाच घरांची, एकेक घर १० सेंटिमीटरचं. ती छातीच्या उंचीवर खोडाच्या चारही बाजूंना लावा. झाली वीस घरं. किती घरांत दगडफूल आहे, कोणत्या रंगाचं, लिहा. फोटो, तारीख, झाडाचा नंबर टाका. दरवर्षी तीच झाडं. नावं शास्त्राची नसली तरी चालतील. म्हाताऱ्या आजींना जी नावं माहीत आहेत ती लिहा.

वणवा, रस्त्याची धूळ, सावली यांनीही फरक पडतो, तेही लिहा. आणि जवळ-लांब सारखंच निघालं तर तसंच लिहा. एक खोटा आकडा सापडला तर पूर्ण वही खोटी ठरवतील.

ही मेहनत कशाला? रान विरळ झालं की बोट आपल्याकडेच दाखवतात. तुम्ही तोडता, तुम्ही चारता, तुम्ही जाळता. नोंद असली तर आपण विचारू शकतो, की शेडजवळचंच खोड उघडं का पडलं?

२००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ ग्रामसभेला जंगल आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार देतं. तो वापरायचा तर हातात वही पाहिजे.

शेडमध्ये आपलीच माणसं मजुरीला जातात. आपलं भांडण त्यांच्या रोजीशी नाही. मालकाने विष्ठा कोरडी ठेवावी, झाकावी, आपल्याच जागेत झाडांचा पट्टा लावावा. आमचं रान म्हणजे त्याच्या शेडचा पडदा नव्हे.

प्रत्येक ग्रामसभेने आजच दोन बाया आणि दोन पोरं या कामाला नेमावीत, ठराव लिहावा. पाऊस उघडला की पहिली मोजणी. शिड्या आम्ही करून आणतो.

जोहार! जिंदाबाद!