परिचारिका आणि पुढारीपण



वसंतात व्याख्याने ऐकण्याची पुण्याची सवय जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली ती लावली. त्या काळी आपली खराडी हे मुळा-मुठेच्या काठचे एक खेडे होते. १९९७ साली ती महापालिकेत आली, आणि आज ज्वारीच्या रानात संगणकाच्या कचेऱ्या व इस्पितळे उभी आहेत. या मंचावर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आम्ही त्यांतले नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर झाले. तेव्हा जे हाताखालून गेले आहे तेवढेच सांगू.

रात्री नऊच्या सुमारास चंदननगरच्या नाक्यावर उभे राहा. पाळी संपवून निघालेल्या मुलींचे घोळके दिसतील. चौघी-पाचजणी मिळून एक खोली भाड्याने घेतात. काही लातूर-नांदेडच्या, काही विदर्भातल्या. पण पुष्कळशा केरळातून आलेल्या. आपला म्हातारा इस्पितळात असला की आपण त्यांना ‘सिस्टर, सिस्टर’ म्हणून दहा हाका मारतो. म्हातारा घरी आला की त्या कुठे राहतात, काय खातात, पगार किती मिळतो, हे कोणी विचारीत नाही. आपण विचारले नाही हा आपला दोष आहेच. पण आज आम्हांला वेगळे बोलायचे आहे. या भगिनींनी स्वतःच्या संघटनेत पुढारीपण का घेतले नाही, आणि ते त्यांनी का घ्यावे, हा आजचा विषय आहे.

आधी आमची एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी एका इस्पितळातल्या चौदा परिचारिका आमच्याकडे आल्या. मूळ प्रमाणपत्रे इस्पितळाने ठेवून घेतलेली, पाळी बारा-बारा तासांची, आणि मध्यरात्री सुटल्यावर घरी जायला वाहन नाही. आम्हांला चेव आला. आम्ही फक्कड मराठीत मागणीपत्र लिहिले, पगारवाढ पहिल्या क्रमांकावर घातली आणि चौदाजणींच्या सह्या घेतल्या. व्यवस्थापनाने एकेकीला आत बोलावले. दुसऱ्या दिवशी अकराजणींनी सह्या मागे घेतल्या. आम्ही म्हणालो, “बाया भित्र्या!” तेव्हा त्यांच्यातली वडीलधारी, जिला बाकीच्या ‘चेची’ म्हणत, म्हणजे आपल्याकडची ताई, ती मोडक्या मराठीत म्हणाली, “भाऊ, कागद तुमचा होता. साहेबाने विचारलं यात काय लिहिलंय, तर आम्ही काय सांगणार?”

तीस वर्षे चळवळीत घालवून जे कळले नव्हते ते त्या एका वाक्याने कळले. दुसरे पत्र त्यांनी स्वतः लिहिले. आधी मल्याळममध्ये, मग इंग्रजीत, शेवटी मराठीत. त्यात पगार तिसऱ्या क्रमांकावर गेला. पहिली मागणी प्रमाणपत्रांची, दुसरी रात्रीच्या गाडीची. या वेळी आत बोलावल्यावर चौदाहीजणींनी एकच उत्तर दिले, कारण ते त्यांचे स्वतःचे होते. गाडी दोन महिन्यांत सुरू झाली. प्रमाणपत्रांना वर्ष लागले, आणि एकीची नोकरी त्यात गेली. हेही सांगितले पाहिजे. चळवळीत फुकट काही मिळत नाही.

आता कोणी म्हणेल, परगावच्या माणसांनी इथे पुढारीपण कसे करायचे? त्याला आमचा उलटा सवाल आहे. मुंबईचा गिरणी कामगार कोण होता? कोकणातून बोटीने आलेला, साताऱ्याच्या घाटावरून उतरलेला परगावचाच माणूस होता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यांची संघटना उभी केली, आणि १८९० साली रविवारची सुटी पदरात पडली. आज आपण रविवारी जेवून आडवे होतो ते त्या परगावच्या माणसांच्या पुण्याईने.

आणि शुश्रूषेच्या कामाला कमी लेखणाऱ्यांनी नदीपलीकडे बघावे. १८९७ च्या प्लेगात याच मुंढव्यातले एक आजारी पोर सावित्रीबाई फुल्यांनी पाठीवर घेतले आणि यशवंतरावांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात पोचवले. त्यातच त्यांना प्लेग जडला आणि १० मार्चला त्या गेल्या. ज्या बाईने शाळा चालवल्या, सत्यशोधक समाजाची धुरा वाहिली, तिनेच रुग्णसेवाही केली. सेवा आणि पुढारीपण यांचे वैर नाही. सेवा करणाऱ्याने मान खाली घालून गप्प बसावे, हा ज्यांच्या सोयीचा नियम आहे त्यांनी तो केला आहे.

परिचारिकांची अखिल भारतीय संस्था १९०८ सालची आहे. तीच संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. २०१६ च्या जानेवारीत न्यायालयाने खासगी इस्पितळांतल्या पगाराचा विचार करण्यासाठी समिती नेमायला सांगितले. समितीने सुचवले की, दोनशेहून अधिक खाटांच्या इस्पितळात पगार सरकारी परिचारिकेइतका असावा, आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी तो २०,००० रुपयांखाली नसावा. पण शिफारस आपल्या पायांनी चालत पगारपत्रकात येत नाही. केरळात परिचारिकांनी २०११ साली नवी संघटना काढली, संप केले, राजधानीवर मोर्चा नेण्याची तयारी केली, तेव्हा २०१८ च्या एप्रिलात तिथल्या सरकारने २०,००० रुपयांच्या किमान वेतनाची अधिसूचना काढली. आता विचार करा. गावी राहिलेल्या बहिणी लढल्या आणि त्यांनी मिळवले. त्याच घरच्या मुली पुण्यात आल्या की मुक्या का होतात?

कारणे आम्ही पुष्कळ ऐकली आहेत. पहिले कारण भाषेचे. अहो, सभेचे इतिवृत्त दोन भाषांत लिहिले तर शाई जास्त लागेल, एवढेच. दुसरे कारण असे की, ‘दोन वर्षांचा अनुभव घेऊन परदेशी जायचे, मग इथे कशाला गुंतायचे?’ यात तथ्य आहे. आमची चेचीही पुढे परदेशी गेली. पण जाण्याआधी तिने वर्गणीची वही, हजेरीचा कागद आणि मागणीपत्रांच्या नकला दुसरीच्या हाती दिल्या. जिथे माणसे बदलत राहतात तिथे पुढारी एक असून भागत नाही. वही पुढे जात राहिली पाहिजे. शिवाय परदेशात काय वाढून ठेवले आहे? लंडनच्या इस्पितळात काम करणारे, केरळातून २०११ साली तिकडे गेलेले बिजॉय सेबास्टियन २०२५ साली ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगचे अध्यक्ष झाले. अमेरिकेत फिलिपीन्सहून गेलेल्या परिचारिकांनी संघटनांची सूत्रे हाती घेतली. तिथे २०२० च्या साथीत दगावलेल्या परिचारिकांत त्यांचे प्रमाण त्यांच्या संख्येच्या कित्येक पट होते. परक्या देशात सर्वांत धोक्याचे काम वाट्याला येते, हे त्यांनी सोसून जाणले. जी इथे बोलायला शिकेल तिला तिथे गप्प बसवणे सोपे जाणार नाही.

तिसरे कारण आमच्यासारख्यांचे आहे. युनियनच्या जुन्या लोकांना खुर्ची सोडवत नाही. १९२६ च्या कायद्यात संघटनेची नोंदणी करण्यासाठी सात सभासदांचा अर्ज पुरे असे, आणि २०२० च्या नव्या संहितेतही आकडा सातच आहे. बाहेरच्या पदाधिकाऱ्यांची संख्याही कायद्याने आवळली आहे. म्हणजे कायद्यालाही कळते की, काम करणाऱ्यानेच कारभार करावा. आम्हीच उंटावरून शेळ्या हाकीत बसलो.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. सभा पाळी सुटल्यावर अर्ध्या तासात घ्या, झोप मोडून कोणी येणार नाही. खजिनदार आणि चिटणीस या जागा आधी घ्या. अध्यक्षपदाला हार मिळतात, पण कारभार वहीत असतो. केरळची एक आणि लातूरची एक अशी जोडी करा, म्हणजे ‘बाहेरच्या’ आणि ‘इथल्या’ असे फोडायला कोणाला फट राहणार नाही. आणि मागणी बोलण्याआधी ती आपल्या भाषेत लिहून काढा.

खराडीकर बंधूंनो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. या मुलींना सभेसाठी एखादी खोली, देवळाची ओवरी, शाळेचा वर्ग द्या. त्या आपल्या माणसांसाठी रात्र जागतात. आपण त्यांच्यासाठी एक दार उघडे ठेवू.

आमच्या संघटनेत चिटणीसाची जागा येत्या सभेत रिकामी होत आहे. ती आम्हीच रिकामी करीत आहोत. भगिनींनो, ती तुम्ही घ्यावी, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.